पाण्यात पडलेला फोन पाण्यानेच धुवावा लागतो

जुलैच्या चौथ्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एक काकू दुकानात आल्या. फोन रुमालात गुंडाळलेला, आणि रुमालाच्या घडीत अजून चार-पाच कोलमचे दाणे. जूनच्या शेवटी लोकलच्या दारात उभ्या असताना पिशवीत पाणी गेलं आणि फोन भिजला होता. "अगं, सगळे सांगतात तसा दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. सुरू झाला की! तीन आठवडे छान चालला. काल रात्री चार्जिंगला लावला तो सकाळी उठलाच नाही. म्हणजे पाण्याचा तर प्रश्न नाही ना आता?"

प्रश्न पाण्याचाच होता. मी परळला, हिंदमाताजवळ, मोबाइल आणि लॅपटॉपचे बोर्ड, म्हणजे आतली सर्किटची पाटी, दुरुस्त करते. दर पावसाळ्यात हीच तक्रार माझ्यासमोर येते: भिजला, वाळवला, सुरू झाला, विसरलो आणि काही आठवड्यांनी एकदम बंद. लोकांना वाटतं हे दोन वेगळे बिघाड आहेत. तो एकच बिघाड असतो, फक्त पूर्ण व्हायला तेवढे दिवस लागतात. म्हणून आधी कारण सांगते, मग उपाय.

काकूंचा फोन उघडून बोर्ड मायक्रोस्कोपखाली ठेवला. चार्जिंग जॅकमध्ये तांदळाची भुकटी ओलाव्याने घट्ट बसली होती, घावनाचं पीठ तव्याच्या कडेला चिकटून वाळावं तशी. ती भुकटी फारशी वाईट नाही, ब्रशने निघाली. खरं नुकसान पत्र्याच्या टोपणाखाली होतं, ज्याला आम्ही शील्ड म्हणतो. ते उचललं तर चार्जिंगच्या आयसीशेजारी, म्हणजे चिपशेजारी, हिरवट-निळी बुरशीसारखी पूड उगवलेली, आणि मोहरीपेक्षाही लहान अशा एका कपॅसिटरचं (थोडी वीज साठवणाऱ्या पार्टचं) एक टोक पूर्ण खाल्लेलं. दुसरं टोक मात्र नव्यासारखं चकचकीत. एक टोक शाबूत आणि एक नाहीसं, हे पाणी एकटं करत नाही.

हे वीज आणि पाणी मिळून करतात. फोनची बॅटरी चार व्होल्टच्या आसपास असते. बोर्डावर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी अंतरावर एका बाजूला हा व्होल्टेज आणि दुसऱ्या बाजूला ग्राउंड, म्हणजे मायनस, अशा शेकडो जोड्या असतात. दोघांच्या मध्ये क्षार असलेल्या पाण्याचा थेंब आला की तिथे छोटासा इलेक्ट्रोप्लेटिंगचा कारखाना सुरू होतो. प्लसच्या बाजूचं तांबं विरघळायला लागतं आणि मायनसच्या दिशेने जाऊन साचतं. नुसतं पाणी फोडायला सिद्धांताप्रमाणे १.२३ व्होल्ट पुरतात, इथे तर तिप्पट आहेत. ती हिरवी पूड म्हणजे तांब्याचे क्षार.

आता मुख्य मुद्दा. पाणी उडून जातं, क्षार जागेवर राहतात. आणि क्षार हवेतला ओलावा ओढतात. पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाणी सोडतं ते प्रत्येक घराने पाहिलंय. तेच बोर्डावर होतं. जुलैच्या मुंबईत हवेतली आर्द्रता सरासरी ८०-८५ टक्क्यांच्या आसपास असते. तुम्ही वाळवलेल्या फोनच्या आत तो क्षाराचा थर रोज रात्री ओला होतो आणि बॅटरी जोडलेली असल्यामुळे तांबं खाणं चालू राहतं. तीन आठवडे त्यालाच लागले.

म्हणजे वाळवणं हा उपाय अर्धाच. मधली पायरी सगळे गाळतात: धुणं.

पहिली दहा मिनिटं

फोन बाहेर काढा आणि बंद करा. स्क्रीन चालू असेल तर नीट बंद करा, चालत नसेल तर पॉवरचं बटण दाबून धरा. "चालतोय का बघूया" म्हणून पुन्हा सुरू करू नका. हा एक मोह टाळला तर निम्मे फोन वाचतील असं माझं प्रामाणिक मत आहे. आणि चार्जरला तर अजिबात लावू नका. काकूंचा फोन तीन आठवडे तग धरून होता, त्याला शेवटचा धक्का चार्जरनेच दिला.

बंद केला म्हणजे वीज गेली, असं मात्र नाही. हल्लीच्या फोनमध्ये बॅटरी आत चिकटवलेली असते आणि फोन बंद असतानाही मुख्य लाइनवर व्होल्टेज असतोच. त्यामुळे बंद केल्याने वेग कमी होतो, थांबत नाही. थांबतं ते बॅटरीचं कनेक्टर बोर्डावरून सुटल्यावर. म्हणून घड्याळ महत्त्वाचं. आज संध्याकाळी उघडलेला फोन आणि शनिवारी सुट्टी आहे म्हणून शनिवारी आणलेला फोन, यांच्या बोर्डात डोळ्यांनी दिसेल इतका फरक असतो.

कव्हर काढा, सिमचा ट्रे काढा, पुसून घ्या. चार्जिंगचं तोंड खाली करून तळहातावर हळू आपटा म्हणजे जॅकमधलं पाणी निघेल. जोरजोरात झटकू नका, पाणी आत सरकतं. हेअर ड्रायर नको. गरम वारा पाणी आतल्या फटीत ढकलतो आणि सील चिकटवलेला गोंद मऊ करतो. उन्हात, तव्याच्या शेजारी, ओव्हनमध्ये तर नकोच, बॅटरीला तेवढी उष्णता सोसत नाही.

तांदळाबद्दल माझं म्हणणं एवढंच: तांदूळ बाहेरचं पाणी थोडंफार टिपत असेल, पण शील्डखालचं पाणी तो टिपू शकत नाही, आणि क्षार तर मुळीच नाही. अॅपलनेही आपल्या मदत पानावर भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका असं स्पष्ट लिहिलंय. तांदळाचा खरा तोटा म्हणजे दोन दिवस आपण काहीतरी करतोय असं वाटत राहतं, आणि ते दोन दिवसच हातचे जातात.

कशात भिजला ते सांगा, लपवू नका

दुकानात लोक "थोडंसं पाणी उडालं" म्हणतात आणि उघडल्यावर आत चहाचा वास येतो. तुम्हाला कोणी रागावणार नाही. द्रव कोणता हे कळलं तर धुण्याची पद्धत ठरते.

नळाचं पाणी त्यातल्या त्यात सौम्य. तानसा, वैतरणा, भातसा या तलावांमधून येणाऱ्या आपल्या पाण्यात क्षार फार नसतात. बादलीत पडलेला फोन लगेच बंद केला आणि त्याच दिवशी उघडला तर बहुतेक वेळा वाचतो. स्विमिंग पूलच्या पाण्यात क्लोरीन, ते जास्त खातं.

समुद्राचं पाणी सगळ्यात वाईट. एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ. जुहूला लाटेत पडलेला किंवा मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर भरतीचा फवारा खाल्लेला फोन चालू अवस्थेत असेल तर तासाभरात बोर्डावर हिरवं दिसायला लागतं. अशा फोनला मी "उद्या बघू" कधीच म्हणत नाही.

चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक: साखर. साखर वाळली की डिंकासारखी बसते आणि तिच्यात बाकीचं सगळं अडकतं. दूध असेल तर आंबतं आणि वास येतो.

आणि रस्त्यावर तुंबलेलं पाणी. हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, कुर्ला, जिथे कुठे गुडघाभर साचतं तिथे ते फक्त पावसाचं नसतं. गटार, तेल, माती, आणि मोठ्या भरतीला नाल्यांमधून आत आलेलं खारं पाणी. इथे उपकरणाआधी स्वतःची काळजी घ्या. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, अशाच पाण्यातून होतो. पुराच्या पाण्यात भिजलेली वस्तू उघडताना रबरी हातमोजे घाला, हाताला जखम असेल तर दुसऱ्याला सांगा. मी स्वतः ही काळजी उशिरा घ्यायला लागले, तुम्ही आधीपासून घ्या.

धुवायचं कसं

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी एका दुकानात शिकाऊ होते. पुढचे काही आठवडे आमच्याकडे तळमजल्यावरच्या ऑफिसांचे, सायबर कॅफेंचे संगणक येत होते. कॅबिनेट उघडलं की आत बोटभर चिखल. माझे गुरू काय करायचे, तर आधी बॅटरीचं ते नाण्याएवढं सेल काढायचे, मग मदरबोर्ड सरळ मोरीत नळाखाली धरायचे आणि मऊ ब्रशने धुवायचे. मला वाटलं यांचं डोकं फिरलंय. पाण्याने बिघडलेली वस्तू पुन्हा पाण्यात! मग ते बोर्ड डिस्टिल्ड पाण्याने खंगाळायचे, त्यावर अल्कोहोल फिरवायचे आणि दोन दिवस पंख्याखाली उभे करून ठेवायचे. बरेच चालले. ज्यांनी घाईने नुसते वाळवून वीज लावली होती त्यांचे संगणक गणपतीच्या आसपास आमच्याकडे परत आले. ते नाण्याएवढं सेल आधी का काढायचे हेही तेव्हाच कळलं: ते फक्त ३ व्होल्टचं असतं, पण भिजलेल्या बोर्डावर दोन दिवसांत तेवढंही पुरतं.

कारण साधं आहे. मीठ आणि साखर पाण्यात विरघळतात. अल्कोहोलमध्ये फारशी विरघळत नाहीत. यूट्यूबवर बघून लोक थेट आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ओततात आणि सगळं निघालं असं समजतात. समुद्राच्या किंवा चहाच्या फोनवर थेट आयपीए ओतलं तर पाणी निघून जातं आणि मीठ-साखर आहे तिथेच राहते. म्हणून क्रम असा: आधी डिस्टिल्ड पाणी, मग आयपीए. पहिलं क्षार नेतं, दुसरं ते पाणी नेतं.

तुम्हाला फोन उघडायचा अनुभव असेल तरच पुढचं घरी करा. नसेल तर हा भाग वाचून ठेवा, म्हणजे दुकानदार काय करतोय ते कळेल.

उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर सोडवणं. लोखंडी पट्टीने नाही, प्लास्टिकच्या पट्टीने. जुनं एटीएम कार्ड तिरपं कापलं तरी चालतं. मग डिस्प्ले, कॅमेरे, स्पीकर, बोटाचा सेन्सर सगळं बाजूला. धुवायचा असतो फक्त बोर्ड. डिस्प्ले पाण्यात किंवा आयपीएत कधीच बुडवू नका, त्याच्या थरांमध्ये ते शिरतं आणि ढगांसारखे डाग कायमचे राहतात. कॅमेऱ्याचंही तेच.

शील्ड क्लिपवर बसवलेली असतील तर उचला. सोल्डर केलेली असतील तर हॉट एअर, म्हणजे गरम हवेचं मशीन, लागतं, ते अनुभवी हातानेच. पण शील्ड न उचलता केलेली धुलाई म्हणजे झाकण न काढता घासलेलं पातेलं. सगळ्यात जास्त पाणी तिथेच अडकतं.

डिस्टिल्ड पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं तेच. बॅटरीच्या दुकानात किंवा गॅरेजात मिळेल. तिथेच बॅटरीचं अॅसिडही विकतात, तेव्हा कॅनवरचं लेबल नीट वाचा. आयपीए ९९ टक्क्यांचं हवं. लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांमध्ये मागितलं की देतात. सॅनिटायझर चालत नाही: त्यात पाणी असतं, जेलमध्ये ग्लिसरीनसारखे चिकट पदार्थही असतात. करोनाच्या दिवसांत सॅनिटायझरने "साफ" केलेले कितीतरी बोर्ड माझ्याकडे आले. पेट्रोल आणि रंगाचा थिनर प्लास्टिक आणि गोंद दोन्ही खातात. बिजागऱ्यांना मारायचा तो तेलाचा स्प्रेही नको, त्याचा थर राहतो.

मऊ ब्रश घ्या, लहान मुलांचा दात घासायचा असतो तसा. डिस्टिल्ड पाण्यात बुडवून हिरव्या-पांढऱ्या पुडीवर एकाच दिशेने, हलक्या हाताने फिरवा. गोल गोल घासलं तर बारीक कॉइल आणि कपॅसिटर उपटून येतात, आणि बशीत पडलेला तो कण मीठ आहे की कपॅसिटर हे ओळखणं कठीण. कनेक्टरच्या खाचांमध्ये जास्त वेळ द्या. दोन वेळा पाणी बदला. मग आयपीए: आधी ओतून पाणी बाहेर काढायचं, मग पुन्हा ब्रश, मग परत स्वच्छ आयपीए. आयपीए पटकन पेट घेतं. खिडकी उघडी, गॅस बंद, जवळ अगरबत्तीसुद्धा नको.

दुकानांमध्ये अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनीच्या बारीक कंपनांनी धुणारं, मशीन असतं. आयसीच्या पोटाखालचा मळ काढायला ते खरंच चांगलं. पण त्यात फक्त बोर्ड, आणि तोही थोडी मिनिटं. मायक्रोफोन आणि दिशा ओळखणारे सेन्सर त्या कंपनांनी जाऊ शकतात.

मुंबईत वाळवायचं म्हणजे

परदेशी सल्ल्यात "हवेशीर जागी २४ तास" असं लिहिलेलं असतं. ती हवा कोरडी असते. आपल्याकडे जुलैमध्ये गॅलरीत टांगलेली जीन्स तीन दिवस वाळत नाही, तिथे आयसीखालचं पाणी कुठून वाळणार?

घरात एसी असेल तर ड्राय मोडवर ठेवा आणि बोर्ड पंख्याच्या समोर उभा करा. एसी नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. बुटांच्या खोक्यातल्या दोन पुड्यांनी काही होत नाही, पाव किलो तरी हवं. रंग बदलणारं मिळालं तर उत्तम: निळे दाणे गुलाबी झाले की त्यांची ताकद संपली. २४ तास हा किमान वेळ धरा, पुराचं पाणी असेल तर ४८.

घाईत असलेल्यांना सांगते, धुतलेला बोर्ड ओला असताना बॅटरी जोडली तर वरचं सगळं वाया जातं.

बॅटरी जोडण्याआधी

मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचं यंत्र, बझरवर ठेवा; दोन टोकं आतून जोडलेली असली की ते वाजतं. एक प्रोब बॅटरी कनेक्टरच्या प्लसवर, दुसरा शील्डच्या पत्र्यावर. क्षणभर "टिक" वाजून थांबलं तर ते कपॅसिटर भरण्याचं आहे, चिंता नको. सलग वाजत राहिलं तर मुख्य लाइन शॉर्ट आहे, म्हणजे प्लस थेट ग्राउंडला जोडला गेलाय. अशा बोर्डाला बॅटरी जोडायची नाही.

शॉर्ट झालेला कपॅसिटर शोधायची एक पद्धत मला फार आवडते. राळ तापवून तिचा धूर बोर्डावर धरायचा, म्हणजे पांढरा पातळ थर बसतो. मग पॉवर सप्लायने कमी व्होल्टेजचा करंट द्यायचा. जो पार्ट शॉर्ट आहे तो तापतो आणि त्याच्यावरची राळ सगळ्यात आधी वितळते. पांढऱ्या चादरीत एकच काळा ठिपका उघडा पडतो. काकूंच्या बोर्डात तो तोच अर्धा खाल्लेला कपॅसिटर निघाला. काढला, दुसरा लावला, फोन उठला.

भिजलेली बॅटरी मात्र मी परत लावत नाही. फुगलेली, वास येणारी, गरम वाटणारी असेल तर प्रश्नच नाही; पण बाहेरून ठीक दिसली तरी तिच्या संरक्षक सर्किटमध्ये पाणी गेलंय का हे सांगता येत नाही. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, कचऱ्यात टाकू नका. कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

दुकानात द्यायचा असेल तर

विमा काढलेला असेल किंवा कंपनीचा अपघात प्लॅन असेल तर फोन उघडण्याआधी त्यांना कळवा. बाहेर उघडलेला फोन बहुतेक जण नाकारतात. साध्या वॉरंटीत पाणी सहसा बसत नाही. सिमच्या खाचेत किंवा आत एक पांढरी खूण असते, तिला पाणी लागलं की ती लाल होते, आणि सर्व्हिस सेंटरवाले आधी तीच बघतात.

बाकीच्यांनी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. बॅटरी आज सोडवणार का? शील्ड उचलणार का? कशाने धुणार? "हीटरवर ठेवतो, दोन तासांनी या" असं उत्तर आलं तर फोन परत घ्या. नीट धुवायला आणि वाळवायला एक दिवस जातोच.

आणि तुमचा भिजलेला फोन आत्ता चालू असेल, या महिन्यात भिजून वाळून परत उठलेला असेल, तर हे वाचणं इथेच थांबवा आणि आधी फोटो, कॉन्टॅक्ट, व्हॉट्सअॅपचा बॅकअप घ्या. मगच धुवायला द्या. लोकांना वाटतं बोर्ड गेला तरी मेमरीची चिप काढून फोटो मिळतील. पूर्वी मिळायचे. आता आयफोनमध्ये आणि अँड्रॉइड १० पासून आलेल्या फोनमध्ये माहिती एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक भाषेत कुलूपबंद, असते आणि तिची किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. चिप एकटी काढली तर हाती निरर्थक आकडे येतात. फोटो हवे असतील तर तोच बोर्ड पुन्हा जिवंत करावा लागतो. एका मुलीच्या वडिलांचे शेवटचे व्हॉइस मेसेज असलेला फोन मी अकरा दिवस हातात धरून बसले होते. उठला, पण दरवेळी उठतोच असं नाही.

"चार्जिंग पोर्टमध्ये ओलावा आहे" असं सारखं येतं

पावसाळ्यात हा मेसेज आला तर फोन चूक करत नाही, तो स्वतःला वाचवतोय. पोर्ट खाली करून आपटा, अर्धा तास पंख्यासमोर ठेवा. फारच गरज असेल आणि फोन वायरलेस चार्जिंगवाला असेल तर मागची बाजू पुसून त्यावर ठेवा. आगपेटीची काडी, टाचणी, कापूस आत घालू नका.

कोरड्या दिवशीही मेसेज येत राहिला तर तिथे पाणी नाही, मीठ आहे. खिशातला घाम आणि खारी हवा याला पुरतात. फोन बंद करून मऊ नायलॉनच्या ब्रशला किंचित आयपीए लावून पोर्ट साफ करा, तासभर थांबा. आणि केबलचं टोक बघा. एखादी पिन तपकिरी-काळी झालेली दिसली तर ती केबल फेकून द्या. तीच केबल नवा पोर्टही खाणार. ग्राहक पोर्ट बदलून घेतात आणि घरी जाऊन तीच जुनी केबल लावतात, महिन्याने परत येतात.

आयपी ६८ (पाणी आणि धूळ अडवण्याचा दर्जा) लिहिलेला फोन घेतलाय म्हणून निर्धास्त असणाऱ्यांसाठी: आयपी ६७ म्हणजे एक मीटर खोल गोड्या पाण्यात अर्धा तास, ६८ म्हणजे त्याहून कठोर अशी कंपनीने सांगितलेली अट. दोन्ही चाचण्या नव्या फोनच्या. काच एकदा बदलली, फोन दोनदा पडला, दोन वर्षं झाली, की सीलचा भरवसा राहत नाही. सील शाबूत असलेला नवा फोन समुद्रात किंवा सरबतात पडला तर बंद करून बाहेरून नळाच्या हळू धारेखाली धुवून घ्या, पुसा, आणि सुकेपर्यंत चार्जर दूर ठेवा.

लॅपटॉपवर चहा

सांडल्या सांडल्या चार्जर ओढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, आणि लॅपटॉप उलटा करा: तंबूसारखा, कीबोर्ड खाली, टॉवेलवर. पुसत बसण्याआधी उलटा करा, कारण बोर्ड कीबोर्डच्या खाली आहे आणि चहा खाली जातोय. मग मागचे स्क्रू, आणि आतली बॅटरी सोडवणं. कीबोर्ड बहुतेक जातो, तो बदलता येतो. बोर्डाला वर सांगितलेलीच पद्धत, फक्त साखर जास्त असल्यामुळे डिस्टिल्ड पाणी जास्त. एसएसडी वेगळी असेल तर काढून बाजूला ठेवा. त्यातला डेटा सहसा सुरक्षित असतो.

फिरणारी हार्ड डिस्क पुराच्या पाण्यात बुडली असेल तर तिला वीज लावू नका, उघडू नका आणि वाळवूही नका. चिखल आतल्या चकतीवर वाळला की डेटा गेला. ओलसर असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्यांकडे न्या.

तळमजल्यावर पाणी शिरलं तर

पाणी प्लगपर्यंत पोहोचायच्या आधी मेन स्विच बंद. मेन स्विचपाशी आधीच पाणी असेल तर त्यात पाय टाकू नका, वीज कंपनीला फोन करा. इन्व्हर्टर असेल तर मेन बंद असूनही घरात वीज असते, हे विसरल्यामुळे माणसं गेली आहेत.

फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर पाण्याखाली गेले असतील तर बाहेरून कोरडे दिसले म्हणून लावू नका. मोटारीच्या वेटोळ्यात ओल राहते. इलेक्ट्रिशियनकडून मेगर मारून घ्या, म्हणजे ५०० व्होल्टवर इन्सुलेशन तपासून घ्या, मगच प्लग. मायक्रोवेव्ह स्वतः उघडू नका. त्याच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीव घेण्याइतकी वीज साठलेली असू शकते. टीव्हीच्या पॉवर बोर्डालाही हात नको.

रिमोट आणि दोन सेलवर चालणारी खेळणी मात्र खुशाल घरी उघडा. सेल काढा, बोर्ड धुवा, वाळवा. हात बसवायला यासारखी दुसरी वस्तू नाही, मीही रिमोटवरच शिकले.

काकू परवा फोन न्यायला आल्या. बोर्ड धुतला होता, बॅटरी नवी घातली होती, नातवंडांचे फोटो सगळे जागेवर होते. पुढचे पंधरा दिवस रात्रभर चार्जिंगला लावू नका, फोन नुसता पडलेला असताना गरम लागला किंवा बॅटरी भराभर उतरली तर लगेच आणा, असं मी सांगितलं. त्यांनी फोन झिपच्या पिशवीत घातला, पिशवी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, आणि छत्री उघडून पाण्यातून निघाल्या.